हलली की हलवली?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज तनयाने मला काम दिलं. पगार नाही, खुर्ची आहे, आणि खुर्चीचा उजवा हात निखळलेला आहे. पण ज्याने चौतीस वर्षं कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली, त्याला स्वतःच्या खुर्चीचं काही नसतं. समोरच्या खुर्चीत कोण येऊन बसतंय, ते महत्त्वाचं.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. या काळात मी सोसायटीचे दोन वॉचमन आणि एक दूधवाला सुधारले. दूधवाल्याने आमच्या इमारतीत येणंच सोडलं, तो भाग वेगळा. परवा तनया तिच्या आईशी फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती आणि आज सकाळी येऊन म्हणाली, "बाबा, मला तुमची फार गरज आहे." उशिरा का होईना, सुचलं.

तनयाची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी आहे. कंपनी म्हणजे कर्वेनगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून दोन खोल्या, आठ माणसं आणि चाळीसेक सोसायट्यांच्या लिफ्ट. सगळ्यांत जुना मेकॅनिक रंगनाथ. सव्वीस वर्षं हेच काम. लिफ्टचं काम जोडीने होतं आणि रंगनाथचा जोडीदार जानेवारीत दुबईला गेला. इकडे एक एप्रिलपासून मांजरी गावातल्या नव्या टॉवर्समधल्या चौदा लिफ्ट तनयाकडे यायच्या आहेत. बिल्डरची अट एकच: रंगनाथ स्वतः हवा, आणि त्याच्याबरोबर कायमचा जोडीदार हवा. दुसरा माणूस मिळाला नाही तर चौदाच्या चौदा लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे जाणार. तनयाने तीन वर्षं या कामासाठी खेटे घातलेत.

"एकच माणूस निवडायचाय, बाबा. पण सांभाळून घेणारा हवा. मिळून काम करणारा."

मी म्हटलं, "माणूस दारातून आत येईपर्यंत मी निम्मा ओळखलेला असतो."

आतून तनयाची आई, कुसुम, म्हणाली, "आणि उरलेला निम्मा?"

सदतीस वर्षं पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं की माणसाला दुसऱ्याच्या वाक्यात शिरायची खोड लागते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रंगनाथशी बैठक झाली. माणूस अबोल. मंडईमागे राहतो, सायकलने येतो. मी त्याला विचारलं, तुम्हाला जोडीदार कसा हवा? त्याने हातातला पाना खाली ठेवला.

मग म्हणाला, "साहेब, जुन्या लिफ्टमध्ये मी केबिनच्या टपावर असतो. दुसरा वर मशीन रूममध्ये. ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवतो, तशी केबिन चार बोटं वर, चार बोटं खाली. मला तो दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. दोर जायला फरशीत भोकं असतात, त्यातून नुसता आवाज. आता ब्रेकसाठी मी ओरडलो 'सोडू नको', तर त्यात 'सोडू' आधी येतं आणि 'नको' मागून. मराठीच तशी आहे, त्याला मी काय करू? जो 'सोडू' ऐकूनच हात चालवतो, तो मला मारतो."

"मग उपाय?"

"वाक्य पुरं ऐकायचं. ऐकलेलं परत बोलायचं. मग हात लावायचा."

मुद्दा ठीक आहे, पण ही शिस्त कामावर आल्यावर चार दिवसांत शिकवता येते. निवडताना स्वभाव बघायचा असतो. मी त्याला माझी पद्धत समजावून सांगितली. कारखान्यात असताना मीच शोधून काढली होती. कागदावर दोन रकाने आखायचे. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'आम्ही, आपण'. उमेदवार बोलत असताना फक्त रेघा मारत जायचं. 'मी'च्या रेघा जास्त तर माणूस एकटा खाणारा. 'आम्ही, आपण'च्या जास्त तर चौघांत मिसळणारा. शेकडो माणसं मी अशी निवडली. त्यातली किती टिकली हे मला कुणी कधी विचारलं नाही, याचा अर्थ तक्रार नव्हती.

रंगनाथ म्हणाला, "छान आहे. पण मला विचाराल तर त्यांना माझ्याबरोबर एखादं लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवू द्या."

मी हसलो. भला माणूस आहे. कपाटावरून माणूस ओळखता आला असता तर पर्सोनेल खात्याऐवजी हमालच ठेवले असते!

११ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ अर्ज आले होते. त्यातले पाच बोलावले, तीन पहिल्या दहा मिनिटांत गळाले. एकाने मुलाखत चालू असताना दोनदा फोन घेतला, एकाला वीस मजले चढायची भीती वाटते (लिफ्टच्या कामाला आलाय!), एक पगार ऐकून उठला. उरले दोन.

प्रज्ञेश. वय पंचवीस, अंगात चटपटीतपणा, बूट चकचकीत. मी प्रश्न संपवायच्या आत उत्तर तयार. मी म्हटलं, "एखादं काम..." तर तो म्हणाला, "बिघडलं तर काय केलं, असंच ना सर? आपल्या हातून काम बिघडलंच नाही कधी. साइटवर गडबडी होतात, त्या होतच असतात." पुढे म्हणाला, "बावीस मजल्यांची लिफ्ट आपण दोन दिवसांत चालू केली. आपण एकदा ठरवलं की विषय संपला. आपण कुणाच्या भरवशावर राहत नाही, सर." रेघा मारता मारता माझी पेन्सिल मोडायची वेळ आली. 'आपण' सतरा, 'मी' एक! इतका एकोप्याचा मुलगा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

दुसरी ऋतुजा. मांजरीची, शेतकऱ्याची मुलगी, वय तेवीस. आयटीआय करून हडपसरला एका लिफ्ट कंपनीत दीड वर्ष होती, ती कंपनी गुंडाळली गेली. मुलगी वाईट नाही, पण सावकाश. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न आधी स्वतः परत म्हणते. "काम बिघडलं तेव्हा मी काय केलं, हेच विचारलंत ना सर?" मला वाटलं कमी ऐकू येतं की काय. मग उत्तर: "एका लिफ्टचं दार मधेच उघडायचं. वायर मी उलटी जोडली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण मला शंका आली, म्हणून मी सीनियरना सांगितलं. मी चुकले होते. मग आम्ही दोघांनी बसून नीट केलं." 'मी' चौदा, 'आम्ही' तीन. एवढ्याशा बोलण्यात चौदा वेळा स्वतः! आजकालच्या पिढीचं हे असंच.

कागद फाइलला लावले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कपाटाचा तमाशा झाला. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचं जुनं लोखंडी कपाट कुसुमला कांताबाईंना द्यायचं होतं. कांताबाई बारा वर्षं आमच्याकडे स्वयंपाकाला येतात. दोन वर्षं ते कपाट 'उद्या उतरवू'वर अडकलं होतं, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मुलगी लिफ्टवाली आणि आईबाप जिना चढतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुसुमने परस्पर रंगनाथला सांगितलं आणि रंगनाथने परस्पर दोन्ही उमेदवारांना बोलावलं. मला विचारायची पद्धत या घरात नाहीच.

दुसऱ्यावरून पहिल्यापर्यंत रंगनाथ आणि प्रज्ञेश. प्रज्ञेश म्हणाला, "काका, तुम्ही अनुभवी, तुम्ही खालून धरा. आपण वरून बघतो." मोठ्यांना मान द्यायची ही वृत्ती मला आवडली. काम झपाट्याने झालं. वळणावर रंगनाथ "थांब जरा" म्हणाला, पण तोवर वळण पार झालं होतं. भिंतीचा थोडा गिलावा निघाला. प्रज्ञेश म्हणाला, "भिंत घासली वाटतं जरा." चालायचंच.

पहिल्यावरून तळमजल्यापर्यंत ऋतुजा. ती मुकाट्याने खालच्या बाजूला शिरली. मुकाट्याने कसली, अखंड तोंड चालू. "पायरी. अजून एक. आता वळण. काका, थांबा म्हणालात, थांबले. माझं बोट अडकतंय, जरा वर. हां, आता चला." एवढ्या पायऱ्यांना अर्धा तास. शेवटी कपाट टेकवताना त्याची मूठ कठड्याला लागून वाकली. ती लगेच म्हणाली, "काकू, मूठ मी वाकवली. पाना असेल तर आत्ता सरळ करते." आणि केलीही.

मी कागदावर नोंद केली: फार बोलते, वेग कमी, पुन्हा 'मी'.

कुसुमने दोघांना कोकम सरबत दिलं. मी तिला विचारलं, कसे वाटले? ती म्हणाली, "कपाट मार्गी लागलं एकदाचं." कधी सरळ उत्तर देईल तर शपथ.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निवड प्रज्ञेशची. तनयाने रंगनाथला विचारलं तेव्हा तो "मुलगी बरी वाटली" एवढंच पुटपुटला. मी रकाने दाखवले, तो गप्प झाला. तनया दोनदा म्हणाली, "बाबा, नक्की ना?"

नक्की. निवड मी केली, कुणाच्या सल्ल्याने नाही, आणि तसं फाइलवर सहीनिशी लिहिलं. ऋतुजाला पत्र धाडलं: 'आपल्यात सांघिक वृत्तीचा अभाव जाणवल्याने आपली निवड करता येत नाही.' सभ्य आणि स्पष्ट. आमच्या वेळी एवढंही कुणी कळवत नसे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

प्रज्ञेश रुजू होऊन आठवडा झाला. सगळं उत्तम. दिवसाला तीन लिफ्ट व्हायच्या तिथे पाच होताहेत. तनया खूश आहे, निदान नाराज तरी दिसत नाही. रंगनाथ पूर्वीपेक्षा गप्प असतो. वय झालं की नव्या वेगाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. मी त्याला तसं समजावलं.

उद्या महाशिवरात्र. कुसुमने मंडईतून रताळी आणली आहेत. मला हाताखाली माणसं असल्याशिवाय चैन पडत नाही, हे तिने आज पुन्हा ऐकवलं. रताळी सोलायला बसवलं आहे.

४ मार्च, मंगळवार

आज कर्वेनगरातल्याच एका जुन्या सोसायटीत गडबड झाली. दुपारी साडेतीनच्या सुमारास लिफ्टची केबिन अचानक अर्धा फूट खाली आली. रंगनाथ टपावर होता. हात रुळाच्या आधाराला होता, तो सापडला. मनगट सुजलं, मधल्या बोटाचं नख गेलं. एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे. दहा दिवस विश्रांती सांगितली आहे.

तनयाच्या कंपनीत अपघाताची नोंदवही आहे. त्यात 'कारण' असा रकाना असतो. तनया एक्स-रेच्या धावपळीत होती, म्हणून मीच लिहून दिलं: 'संदेशवहनातील त्रुटीमुळे केबिन अनपेक्षितपणे हलली.' अशा वेळी शब्द नेमके हवेत. चौतीस वर्षांत अशा नोंदी कमी नाही लिहिल्या.

प्रज्ञेश म्हणाला, "सर, आवाज क्लिअर नव्हता. आपण जे ऐकलं ते केलं." बिचारा घाबरला आहे. नवीन जागेत असं होतं.

५ मार्च, बुधवार

सकाळी रंगनाथकडे गेलो. हात गळ्यात अडकवून खिडकीपाशी बसला होता. मी म्हटलं, दैव बलवत्तर.

तो म्हणाला, "मी 'सोडू नको' म्हणालो, साहेब. चांगलं मोठ्याने म्हणालो. त्याला 'सोडू' एवढंच पुरलं."

मग त्याने चांगल्या हाताने खिडकी लोटून घेतली. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला टपावर भीती वाटली. आता पुरे. नव्या माणसाबरोबर मी परत चढणार नाही. ताईंना तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होणार नाही ते."

मी सांगितलं. तनया रडली नाही. मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "रंगनाथकाका नाहीत तर मांजरी नाही, बाबा." आणि फोन घेऊन बाहेर गेली.

जेवताना मी कुसुमला नोंदवहीतलं वाक्य वाचून दाखवलं, चांगलं उतरलं होतं म्हणून. तिने आमटीची वाटी खाली ठेवली.

"केबिन हलली की हलवली?"

"म्हणजे?"

"सदतीस वर्षं वर्गात एकच प्रश्न विचारला मी. बाई, काच फुटली. फुटली की फोडली? बाई, वही हरवली. हरवली की हरवलीस? अहो, केबिन आपली आपण हलते का?"

मी म्हटलं, कार्यालयीन भाषेत असंच लिहायचं असतं. ती म्हणाली, "मग लिहा. तो मुलगा म्हणाला भिंत घासली. ती मुलगी म्हणाली मूठ मी वाकवली. दोघांचं मराठी तुमच्यासमोरच झालं होतं."

६ मार्च, गुरुवार

दिवसभर मुलाखतींचे कागद घेऊन बसलो. रेघा बरोबर आहेत. मोजणीत एकही चूक नाही. चूक असती तर फार बरं झालं असतं.

रेघांच्या शेजारी मी वाक्यंही टिपली होती, ती या वेळी वाचली. 'आपण कुणाच्या भरवशावर राहत नाही.' हे मी 'एकोपा' या रकान्यात मोजलं! पुण्यात जन्म गेला माझा. गल्लीतला पोरगा छाती काढून 'आपण नाय घाबरत' म्हणतो तेव्हा त्यातला आपण म्हणजे तो एकटा, हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे. आणि मी सतरा रेघा मारल्या. प्रत्येक रेघेला मनात टाळी वाजवली.

आता ऋतुजाचे चौदा 'मी'. मी उलटी जोडली. मला शंका आली. मी सांगितलं. मी चुकले. चौदांपैकी नऊ 'मी' चुकीपुढे किंवा कबुलीपुढे उभे. आणि जिथे काम नीट झालं तिथे 'आम्ही'. ते तिन्ही 'आम्ही' तिथेच आहेत. ऐकू कमी येतं की काय, अशी शंका मुलाखतीत मला आलीच होती. फक्त माणूस चुकीचा धरला होता.

मग ही वही मागे चाळली. चौदा फेब्रुवारीला 'निवड मी केली' असं ठसठशीत लिहिलंय. चार मार्चला 'गडबड झाली'. दोन्हीकडे अक्षर माझंच आहे.

वाईट वाटतं आहे. रंगनाथचा हात डोळ्यांसमोरून जात नाही.

संध्याकाळी प्रज्ञेशशी बोललो. सरळ सांगितलं की या कामाला तू घाईचा आहेस, एकट्याने करायचं काम शोध, त्यात चमकशील. तो म्हणाला, "आपण पण असल्या ठिकाणी थांबत नसतो." मी म्हटलं, बरोबर आहे. शिफारसपत्र दिलं. खरं तेच लिहिलं: वेगवान आहे.

९ मार्च, रविवार

मांजरीला गेलो. फोन करून बोलावता आलं असतं, पण पत्र मी घरी धाडलं होतं, ते परत घ्यायलाही घरीच जायला हवं.

घर उसाच्या कडेला. मागे ते चौदा लिफ्टवाले टॉवर. अंगणात ऋतुजा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसली होती आणि तिची आजी सरुबाई शेजारी शेंगा फोडत होती. मी नाव सांगितलं तशी म्हातारीचा हात थांबला.

"ते पत्तरवाले तुमीच व्हय? तिनं वाचून दावलं मला. 'अभाव जाणवला' म्हंजी काय वं?"

मी सांगितलं की मुलाखतीत मी 'मी' मोजतो. किती वेळा म्हणतात ते.

सरुबाईने शेंगा बाजूला सारल्या. "आमची पोर मी-मी करती म्हून न्हाई घेतली? आन मंग चूक केल्यावर काय दुसऱ्याचं नाव सांगाया पायजे व्हतं? लहानपणी तिनं माझा माठ फोडला, तर आदी येऊन सांगायची, आजे, मी फोडला. मारायाबी सुचायचं न्हाई मला."

"आजी, थांब ना," ऋतुजा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सर, त्या लेटरनंतर मी दोन इंटरव्ह्यू दिले. दोन्हीकडे मुद्दाम 'आम्ही आम्ही' म्हणत बसले. फार ऑड वाटलं. एकाने विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण?"

तिला हसू आलं, मला आलं नाही. मी बोलायला लागलो की मोजणीमध्ये जरा गडबड झ... आणि जीभ अडकली. म्हटलं, "मी चुकलो." दोनच शब्द, पण त्यासाठी मांजरीपर्यंत यावं लागलं. मग रंगनाथच्या हाताचंही सांगितलं. काही लपवलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. नंतर सवयीप्रमाणे परत म्हणाली, "म्हणजे काकांचा हात सापडला, ते आता चढणार नाहीत, आणि तुम्ही मला या म्हणताय. बरोबर?"

"बरोबर."

"मी येते सर. त्या टॉवरच्या जागी आमचा ऊस होता, तिथली लिफ्ट मला करायचीच आहे. पण काका स्वतः चढतो म्हणाले तर. तुम्ही सांगितलं म्हणून चढणार असतील तर नको."

निघताना सरुबाईने शेंगांची पिशवी हातात दिली. "मोजू नगा," म्हणाली. "खावा."

१२ मार्च, बुधवार

रंगनाथकडे तासभर बसलो. त्याला म्हटलं, तुम्ही मुलगी बरी म्हणाला होतात, मी तुम्हाला रकाने दाखवून गप्प बसवलं. तुमचा हात माझ्यामुळे गेला असता.

तो अवघडला. म्हणाला, "साहेब, कपाटाच्या दिवशीच मला कळलं होतं. मीही जोर करून बोललो नाही. तुम्ही शिकलेले."

"यापुढे जोर करा. मी ऐकेन असं नाही, पण करा."

तो पहिल्यांदा हसला. दुखरा हात उलटसुलट करून बघत म्हणाला, "एकदा चढतो. तिचा आवाज ऐकतो. नाही पटला तर उतरेन आणि परत कधी विचारायचं नाही."

१७ मार्च, सोमवार

तीच सोसायटी, तीच लिफ्ट. रंगनाथनेच सांगितलं की दुसरीकडे नको, इथेच.

मी मशीन रूममध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर होतो, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. तनया दाराशी उभी. ऋतुजा चाकापाशी, दोन्ही हात मांडीवर. रंगनाथ खाली टपावर चढायला गेला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. तनयाने माझा खांदा धरला. तो उतरला असं मला वाटलं.

मग दोराच्या भोकातून आवाज आला. "चढलोय."

"चढलात काका," ऋतुजा म्हणाली. हात मांडीवरच.

"चार बोटं वर घे."

"चार बोटं वर घेते." मग हात चाकाला. केबिन वर सरकली.

"थांब."

"थांबले."

"सोडू..." आवाज मध्येच तुटला. धूळ गेली असेल घशात, खोकला आला. खोकला संपेना. ऋतुजाचा हात ब्रेकवर होता. हात हललाच नाही. ती नुसती भोकाकडे कान लावून वाट बघत राहिली. मला वाटतं पाच सेकंद असतील, मला पाच मिनिटं वाटली.

"...नको," खालून आलं.

"सोडू नको म्हणालात. सोडत नाही, काका."

मग रंगनाथ म्हणाला, "आता पान्याची पेटी सोड दोरीने. मांजरीला किती वाजता निघायचं ते ताईंना विचार." तनया दाराला टेकून उभी होती ती खालीच बसली. आता मात्र रडली.

खोकला खरा होता का, हे मी रंगनाथला नंतर विचारलं. तो म्हणाला, "धूळ फार आहे साहेब तिथे." आणि सायकलवर बसून गेला.

माझी पद्धत मी सोडणार नाही. तिसरा रकाना घालणार आहे: 'मी' कशाच्या पुढे आला आणि 'आपण' म्हणजे नक्की कोण. शिवाय प्रत्येक उमेदवाराला एक कपाट. आमच्याकडची कपाटं संपली, पण तनयाच्या ऑफिसात एक आहे, ते दर वेळी उतरवून परत चढवता येईल.

घरी येताना ऑफिसमधून अपघाताची नोंदवही मागून आणली. 'संदेशवहनातील त्रुटीमुळे केबिन अनपेक्षितपणे हलली' यावर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: 'प्रज्ञेशने वाक्य पूर्ण न ऐकता केबिन हलवली. त्याला या कामावर मी निवडलं होतं, रंगनाथचं न ऐकता.' सही केली, तारीख घातली.

कुसुमला वाचायला दिलं. तिने चष्मा लावला, दोनदा वाचलं. सवयीने लाल पेन शोधायला हात टेबलावर फिरवला.

मग वही मिटून मला परत दिली. म्हणाली, "कर्ता जागेवर आहे."